चाळीस मिनिटांच्या पलीकडचा

"तुमच्याकडून एक आजोबा आलेत. एका पायात बूट आहे, दुसऱ्या पायात नुसता मोजा."

फोनवरचा आवाज इतका गंभीर होता, की चिऊ खुर्चीत ताठ बसली. खरं तर फोन उचलणं तिचं काम नव्हतं. पण काउंटरवरची मुलगी दात दाखवायला गेली होती आणि फोन काही वाजायचा थांबेना.

"बूट... विमानात नाही का राहिला?"

"सगळ्या सीटखाली वाकून पाहिलं. आजोबा म्हणतात, निघाले तेव्हा दोन होते."

चिऊने काचेतून बाहेर पाहिलं. पाऊस भुरभुरत होता. मघाशी जिथून विमान सुटलं, तिथे ओल्या सिमेंटवर एक काळा बूट एकटाच उभा होता.

"सापडला," ती म्हणाली. "भिजतोय बिचारा."

"मग आत घ्या ना त्याला! आणि उद्याच्या विमानाने पाठवा. चाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"तिकीट पडेल."

"अर्धं घ्या. एकच आहे."

चिऊ खुदकन हसली. पलीकडे तोही हसला. "घोषणाबाई, चहाचं पाणी झालं," असं सामान चढवणारे काका दोनदा म्हणाले, तेव्हा कुठे तिने फोन ठेवला.

चिऊ हे तिचं घरातलं नाव. विमानतळावर ती घोषणाबाई. आणि विमानतळ तरी केवढा! एक लांबुडकी खोली, एक काउंटर, एक वजनकाटा, आणि रोज सकाळी उडणारं एकोणीस जणांचं पंख्यांचं विमान. डोंगराच्या पलीकडे असाच एक चिमुकला विमानतळ होता. विमान इथून तिथे जायचं आणि दुपारच्या आत तिथून परत यायचं. हवेतून चाळीस मिनिटं. रस्त्याने गेलात तर आधी डोंगराला वळसा, मग खाडीवरचा लांबलचक पूल, आणि सबंध दिवसात हाडं खिळखिळी.

एवढ्याशा ठिकाणी एकेकाला दहा कामं असतात. माइकवर बोलायची चिऊच, चिठ्ठ्या फाडून घ्यायची चिऊच, आणि प्रवाशांना विमानापर्यंत चालत न्यायचीही चिऊच. त्या विमानाचं दार उघडलं की तेच खाली पडून त्याच्या पायऱ्या व्हायच्या. शेवटचा माणूस आत गेला की चिऊ पायऱ्यांपाशी उभी राहून अंगठा वर करी, तो दिसला की को-पायलट दार ओढून घेई. शिवाय पलीकडे फोन करायचा, की आज इतके मोठे आणि इतकी तान्ही. पलीकडचे लोक उतरणाऱ्यांची मोजणी करत, आकडा जुळला की झालं. हा फोन पूर्वी कुणीही करायचं. बुटाच्या दिवसापासून तो फक्त चिऊ करू लागली, आणि तिकडेही दर वेळी नेमका तोच उचलू लागला. आता याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा बापडे!

ती त्याला 'पलीकडचा' म्हणायची. तोही तिला 'पलीकडची'च म्हणायचा, आणि नक्की पलीकडचं कोण यावर दोघांचं रोज भांडण.

"आज सतरा आणि एक बाळ. बाळ रडतंय. तुझ्याकडे पोचलं की गप्प होईल."

"माझा आवाज ऐकून?"

"तोंड बघून."

"तोंड तू कुठे पाहिलंयस? मी पाठवलेल्या त्या फोटोवर जाऊ नकोस. प्रत्यक्षात मी बरा आहे."

"किती बरा?"

"चाळीस मिनिटांवर आहे. येऊन बघ."

इथेच घोडं पेंड खायचं. त्याला स्वतःला येणं कठीण होतं, तिकडे मोजणीला तो एकटा आणि घरी आई एकटी. चिऊला काय अडचण होती? कधी सर्दी, कधी काकांची रजा, कधी आणखी काही. आणि वर ऐट अशी— "मला काय विमानाचं कौतुक! आमची सायकलच ती."

खरी गोष्ट अशी, की चिऊ आयुष्यात कधी विमानातून गेली नव्हती. एकदा सफाईवाल्या मावशींबरोबर ती उभ्या विमानात शिरली होती. मावशींनी सहज दार लोटलं, आणि ही घामाघूम होऊन त्यांच्या अंगावरून बाहेर पळाली. का, ते तिचं तिलाही कळलं नाही. आणि हीच बाई रोज सकाळी माइकवरून मधाळ आवाजात सांगायची, "फक्त चाळीस मिनिटं... निर्धास्त बसा, कळणारही नाही." थरथरणाऱ्या आज्यांना हात धरून पायऱ्या चढवायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ही लाज तिने इतकी खोल पुरून ठेवली होती, की घरातही कुणाला पत्ता नव्हता. बाबा तर गल्लीभर सांगत सुटायचे, आमची पोरगी काय बुवा, कायम हवेत.

मग एके दिवशी पलीकडचा म्हणाला, "आई विचारतेय, ही मुलगी खरी आहे, की नुसती आकाशवाणी?"

चिऊ हसली. तो हसला नाही.

"रविवारी ती विमानतळावर येणार आहे. तुला बघायला नाही... म्हणजे बघायलाच. आणि चिऊ— मला तुला एक विचारायचंय. फोनवर नाही विचारणार."

काचेवरून पावसाचा एक थेंब घरंगळत खाली आला. चिऊ तो खालपर्यंत पोचेस्तोवर बघत राहिली. तिचे कान तापले होते.

"येते," ती म्हणाली. "रविवारच्या विमानाने."

"नक्की?"

"न यायला काय झालं? सायकलच ती."

शनिवारी रात्री तिला डोळ्याला डोळा लागला नाही. एकीकडे तो, आणि दुसरीकडे विमानाचं ते बुटकं छत. तरी रविवारी ती वेळेवर हजर होती. बॅगेत तीन ड्रेस होते, कारण कुठला घालायचा ते ठरेना, आणि त्याच्या आईसाठी मधाची बाटली. बॅग काकांनी विमानाच्या पोटात टाकली. काउंटरवर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून स्वतः जायच्या दिवशीसुद्धा सगळं तिनेच केलं. घोषणा केली, चिठ्ठ्या फाडल्या, आणि विमानाकडे निघण्याआधीच पलीकडे फोन लावला.

"आज एकोणीस," ती म्हणाली. "एकोणिसावी मी."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "नीट मोजीन."

"एकदाच मोज, लोक हसतील."

"तीनदा मोजणार. हसू देत."

ती विमानापाशी गेली तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. अठराजण पुढे चढले. तिने थंड दांड्याला हात लावला. एक पायरी. दुसरी पायरी... आतून इंधनाचा आणि तापलेल्या रबराचा वास आला. छत तिच्या डोक्याएवढंच उंच. दाटीने बसलेल्या लोकांची डोकी दिसली, आणि तिचा पाय पायरीला चिकटला तो चिकटलाच. ती तशीच मागे सरकली, खाली उतरली, म्हटलं जरा श्वास घेऊ.

तेवढ्यात को-पायलटने आतून मान वळवून भुवया उंचावल्या. झालं का? आणि चिऊचा हात, तो मेला आपोआप वर गेला! अंगठा ताठ. रोजची सवय. त्या को-पायलटला कुठे ठाऊक होतं, की आज ही बाईही जाणार आहे. त्याने रोजच्यासारखं दार ओढून घेतलं. पंखे फिरले, चिऊचे केस तोंडावर आले, आणि विमान तिच्यासमोरून निघून गेलं.

अजूनही वेळ गेली नव्हती. पळत आत जायचं, फोन उचलायचा आणि 'एक कमी' एवढंच म्हणायचं. ती पळत आत गेलीही. फोन उचलला. पण पुढे तो विचारणार, का? मग काय सांगायचं? घाबरले म्हणून? त्याची आई नटूनथटून शेजारी उभी असताना? चिऊने फोन खाली ठेवला. त्या एका वाक्याची तिला जेवढी लाज वाटली, तेवढी जन्मात कशाची वाटली नव्हती.

आणि मग शहाण्या माणसाने कधी करू नये ते तिने केलं. मागच्या फाटकातून ती बसस्टँडवर पळाली आणि पलीकडे जाणारी बस पकडली. मोबाइल बंद करून टाकला. संध्याकाळपर्यंत पोचू, काहीतरी सांगू.

एका खिडकीपाशी, शेजारी खांद्यावर डुलक्या घेणारा एक गृहस्थ, अशी ती वळणांमागून वळणं पार करत बसली. मनात सबबी जुळवत होती. पोट दुखलं. नको, आईचं पोट दुखलं. मग आईला सोडून आले कशी? दुपारी खाडीच्या पुलावर वाऱ्याने केस विस्कटले, तेव्हा तिने कंगवा शोधला. कंगवा बॅगेत. बॅग...

बॅग विमानात!

चिऊच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस नसताना त्याची बॅग विमानात जाता कामा नये, हा तर त्या नोकरीतला पहिला धडा. तिने मोबाइल सुरू केला. पुलावर रेंज नव्हती. पुढे डोंगरातही नव्हती. आणि मग बॅटरीनेच मान टाकली.

ती पलीकडच्या विमानतळावर शिरली तेव्हा दिवे लागले होते. एकच विमान सकाळी येऊन जाणारा तो विमानतळ, पण खोली माणसांनी गच्च भरलेली. पोरं जमिनीवर झोपलेली, मोठी माणसं वैतागून एकमेकांवर खेकसणारी. चिऊने हळूच एका बाकड्यापाशी जाऊन विचारलं, "मोजणीचं काम करतात, ते कुठे भेटतील?"

बाकड्यावरच्या लठ्ठ बाईंनी झटकन मान वर केली.

"हा आवाज! 'कळणारही नाही' म्हणणारी ती तूच ना गं? गेल्याच आठवड्यात ऐकला मी. अहो, हीच ती! हिचीच बॅग!"

सगळी खोली चिऊकडे वळली. बाईंनी हौसेने सगळं ऐकवलं. सकाळच्या विमानातून बॅग आली, माणूस आलं नाही. म्हणून सगळ्यांना बाहेर उन्हात उभं केलं. विमानाची सीट न् सीट उचकटून पाहिली. बॅग मैदानाच्या मधोमध ठेवून दुरून तपासली, मग सगळ्यांदेखत उघडली. आत काय? मधात न्हालेले तीन ड्रेस आणि मुंग्या! हे होईपर्यंत दुपारचा वारा सुटला, आणि तो वारा सुटला की हे विमान उडत नाही. आता परतीचे सगळे उद्या सकाळी.

"आणि त्या बिचाऱ्या पोराची तिथे आत हजामत चाललीय," बाईंनी काचेच्या केबिनकडे बोट केलं.

तो आत उभा होता. उंच, मान खाली घातलेला, शर्ट घामाने भिजलेला. फोटोपेक्षा तो खरंच बरा होता. समोर मॅनेजर मॅडम बसल्या होत्या आणि भिंतीला टेकून, मांडीवर पर्स घट्ट धरून, त्याची आई. केबिनचं दार अर्धवट उघडं होतं.

"शेवटचं विचारते," मॅडम म्हणत होत्या. "ती येत नाही, हे तुला कळलं होतं?"

"हो मॅडम. तिचा परत फोन आला होता. मी पुढे सांगायला विसरलो."

"मग ही चूक तुझी. मोजणीवर मला असा माणूस नको."

ज्या कामाचा त्याला एवढा अभिमान, ते काम तो तिच्यासाठी गुपचूप हातातून सोडत होता. दिवसभर जुळवलेली एकही सबब चिऊला आता आठवेना.

"खोटं आहे ते," ती दारातून म्हणाली.

त्याने मान वर केली. दोघांनी एकमेकांना असं पहिल्यांदा पाहिलं. चिऊच्या केसात धूळ, चेहरा रडवेला.

"मी फोन केलाच नाही, मॅडम. मी पायऱ्यांवरून मागे फिरले. अंगठा मीच दाखवला. मला... मला विमानाची भीती वाटते. मी कधी बसलेच नाही विमानात."

"तिकडे घोषणा तूच करतेस ना?"

"हो."

काच पातळ होती. बाहेर कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी चारजण. धरणीने पोटात घ्यावं असं चिऊला वाटलं. धरणीने काही घेतलं नाही, आणि ती तिथेच उभी राहिली.

मॅडमनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली. मग त्याला म्हणाल्या, "सकाळची चूक तुझी नव्हती, आत्ताची आहे. कुणाला पाठीशी घालायला खोटं बोलतोस? उद्याचं विमान सोडायला दुसरं कुणी नाही, ते सोड आणि मग चार दिवस घरी बस. नंतर ये कामावर." आणि तिला म्हणाल्या, "तुझ्या साहेबांशी बोलते मी. माइक काही दिवस दुसऱ्या कुणाला देतील ते."

बाहेर व्हरांड्यात तो तिच्यासमोर थांबला. पण जवळ आला नाही.

"तीनदा मोजलं मी," तो म्हणाला. "तिन्ही वेळा अठरा. मग आत जाऊन सीटखाली वाकून पाहिलं. सीटखाली, चिऊ! तू काय बूट होतीस?"

"सॉरी..."

"काकांना फोन केला, ते म्हणतात, ती तर विमानापाशी गेली. तुझा मोबाइल बंद. मला वाटलं, तू पायऱ्यांवरून पडलीस, आणि ते पंखे..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "अख्खा दिवस मी तुला मेलेली समजत होतो."

हे चिऊच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती दिवसभर आपल्याला लोक काय म्हणतील एवढाच विचार करत बसली होती. आता तिला खरी लाज वाटली, आणि सकाळची त्यापुढे काहीच नव्हती.

"भीती वाटते हे सांगायला लाजले रे."

"मला सांगायला?"

"तुलाच तर."

"आई, हिला घरी ने," एवढंच म्हणून तो मैदानाकडे निघून गेला.

आईने तिला घरी नेलं, गरम पाणी दिलं, आपला गाऊन दिला आणि जेवायला वाढलं. बोलली मात्र काही नाही. सकाळी चिऊ उठली तर दोरीवर तिचे तीन ड्रेस वाळत होते.

"डाग निघाले," आई चिमटे काढत म्हणाली. "मुंग्या थोड्या राहिल्यात."

"काकू, मला फार लाज वाटतेय."

"वाटलीच पाहिजे. पण भीतीची नको गं. झुरळ दिसलं की मी स्टुलावर चढते, म्हणून काय मी जीव द्यायचा? माझ्या पोराला दिवसभर घोर लावलास, त्याची वाटू दे." तिने ड्रेस घडी करून बॅगेत ठेवले. "आता जाणार कशाने?"

"विमानाने," चिऊ म्हणाली. एवढं केलं की कालचं सगळं फिटेल, असं तिने रात्री ठरवलं होतं.

विमानापाशी तो मोजणीला उभा होता. भुरभुर पाऊस पडत होता. चिऊ समोरून गेली तेव्हा त्याने नजर वर केली नाही, नुसतं एक बोट मिटलं. ती चढली. दांडा घट्ट धरून, श्वास कोंडून, पण चढली आणि शेवटच्या सीटवर बसली. पट्टा बांधला. शेजारी नेमक्या कालच्या लठ्ठ बाई.

"कळणारही नाही हो," बाई म्हणाल्या.

छत खाली येऊ लागलं. म्हणजे छत होतं तिथेच होतं, पण चिऊला तसं दिसत होतं. हातपाय गार पडले, कानात घूं घूं सुरू झालं. डोळे मिटून घेतले तर? उघडेपर्यंत सुटेलही विमान. पण मग पट्टा तोडून ओरडायला लागले तर? गोल खिडकीतून तिला तो दिसला. पावसात उभा राहून, ओठ हलवत, पोरासारखा बोटांवर पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. आज त्याची चूक व्हायला नको होती.

काल ती पळाली तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. आज आत सगळे प्रवासी होते, कुंपणापाशी त्याची आई आणि काचेमागे मॅनेजर मॅडम. चिऊने पट्टा सोडला. सगळ्यांच्या गुडघ्यांना धडका देत ती दारापर्यंत आली आणि एकेक पायरी उतरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"एक कमी," ती म्हणाली. माइकवरचा आवाज नव्हताच तो. "मी जात नाहीये. मला जमत नाही. आणि आधी माझी बॅग उतरव."

तो बघत राहिला. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते.

"बॅगसुद्धा?"

"बॅगसुद्धा."

"हे तू मला सांगतेयस."

"तुलाच. आणि अजून एक सांगायचंय." तिने तोंडावरचे ओले केस मागे सारले. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालंय आत्ता, पण आहे."

"अहो," को-पायलटने दारातून डोकं बाहेर काढलं, "दार लावू, का अजून काही राहिलंय?"

आतले सगळे हसले. तोही हसला, कालपासून पहिल्यांदाच. ते हसू फोनवरच्यासारखंच होतं, फक्त आता त्याला चेहरा होता.

"थांबा, थांबा!" कुंपणाचं फाटक उघडून त्याची आई पर्स सावरत पळत येत होती. "जागा रिकामी झाली ना? मी जाते."

"आई? तू कुठे?"

"हिच्या घरी. तिची आई तिकडे घोरात असेल. शिवाय ही पोरगी घडवली कुणी, ते एकदा बघायचंय मला."

नोकरीवरच्यांच्या घरच्या माणसांना रिकामी जागा मिळायची, तसा नियमच होता. त्याने काचेकडे पाहिलं. मॅडमनी कपाळावर हात मारला, पण मान हलवली. चिऊची बॅग उतरवली, आईला आधी वजनकाट्यावर उभं केलं, तिथे तिने आकडा मोठ्याने वाचू नका म्हणून दम दिला, आणि ती पायऱ्या चढून आत गेली. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं आणि अंगठा वर केला.

त्याच्या शिक्षेची सुट्टी तिथूनच सुरू झाली. ती दोघं बसने निघाली. आई चाळीस मिनिटांत पोचली असेल, आणि ही आपली वळणं मोजत बसलेली. तिच्या खांद्याला त्याचा खांदा लागत होता. दर वळणावर जरा जास्तच लागत होता आणि वळण संपलं तरी कुणी बाजूला सरकत नव्हतं. एरवी फोनवर तोंडाचा पट्टा चालवणारा तो आज मात्र अडखळत होता. "चिऊ, मला..." म्हणायचा, आणि मग, "हा पूल केवढा लांब आहे नाही?"

"खूप," चिऊ म्हणायची. तो अजून मनातून रागावलाय की काय, या विचाराने ती पुन्हा ओशाळायची.

दिवेलागणीला दोघं चिऊच्या घरी पोचली. बाबांच्या आरामखुर्चीत त्याची आई पाय वर घेऊन बसली होती. शेजारी चिऊची आई, आणि दोघींच्या हसून हसून डोळ्यांत पाणी. बॅग, मुंग्या, वजनकाटा, सगळं सांगून झालेलं दिसत होतं.

बाबा दारात आले. चिऊने मान खाली घातली.

"लाज आणली ना मी, बाबा?"

"आणलीस खरी," बाबा म्हणाले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "गल्लीत आता सांगायला लागेल, आमच्या पोरीचे पाय जमिनीवर असतात म्हणून. आत ये."

"आमचं सगळं बोलून झालंय," त्याची आई खुर्चीतूनच म्हणाली. "तुझं काय रे? विचारलंस का तिला?"

त्याचे कान लालबुंद झाले.

"नाही? मग दिवसभर बसमध्ये काय करत होतास?"

"धीर गोळा करत होतो," तो पुटपुटला. "भीती वाटत होती. नाही म्हणाली तर..."

चिऊने वर पाहिलं. चाळीस मिनिटांवर आहे, येऊन बघ, असं रोज ऐटीत म्हणणारा हाच का तो?

"मग मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

दोन्ही आया पदर तोंडाला लावायचंही विसरून खदखदून हसल्या. चिऊच्या छातीवरचं कालपासूनचं ओझं उतरलं, आणि तिला तो इतका, इतका आवडला!

"विचार ना मग," ती म्हणाली.

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"मी पायऱ्या सगळ्यांसमोरच उतरले."

त्याने हातातली तिची बॅग खाली ठेवली, दोन्ही आयांकडे एकदा केविलवाणं पाहिलं, आणि विचारलं.